फनुएल : एका बापाचें नांव

(धर्मग्रामाच्या शतकमहोत्सवाच्या पूर्वतयारींत दिलेलें भाषण)



महोत्सव-समितीच्या चिटणीसांनीं आजच्या भाषणाचा विषय विचारला, तेव्हां आम्हीं "फनुएल" एवढेंच सांगितलें. त्यांनीं तो शब्द कागदावर लिहिला, खोडला, पुन्हां लिहिला, आणि अखेर विचारलें, "फादर, हा कोणता संत?" त्यांचें कांहीं चुकलें नाहीं. फनुएलाच्या नांवाचें देऊळ आम्हीं कोठें पाहिलें नाहीं, आणि त्यानें आयुष्यांत काय केलें हें पवित्र शास्त्र एका अक्षरानेंहि सांगत नाहीं. साऱ्या नव्या करारांत तो एकदांच येतो, आणि तोहि एका वृद्ध विधवेचा बाप म्हणून. अशा माणसाचें नांव शंभर वर्षांच्या उत्सवांत कां घ्यावें, याचें कारण आमच्या हातून घडलेली एक चूक आहे. ती आम्ही पुढें सांगूं.

प्रसंग तुम्हांस ठाऊक आहे. बाळ येशूच्या जन्मास चाळीस दिवस झाल्यावर मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें योसेफ व मरिया त्याला यरुशलेमच्या मंदिरांत घेऊन आलीं. कोंकरूं देण्याची ज्यांची ऐपत नाहीं त्यांस दोन पक्ष्यांचें अर्पण चालत असे. या दोघांनीं तेंच केलें. तेथें शिमोन नांवाच्या नीतिमान् पुरुषानें बाळास हातांत घेऊन देवाचें स्तवन केलें. त्याचें तें गीत ख्रिस्तसभा आजहि रोज रात्रीं निजण्यापूर्वींच्या प्रार्थनेंत म्हणते. त्याच घटकेस तेथें हन्ना आली. ती संदेष्टी होती. लग्नानंतर सात वर्षें तिनें संसार केला, मग वैधव्य आलें, आणि तेव्हांपासून तिनें मंदिर सोडलें नाहीं. उपवास व प्रार्थना यांनीं ती रात्रंदिवस देवाची सेवा करी. तिनें देवाचे आभार मानले, आणि यरुशलेमच्या मुक्तीची वाट पाहणाऱ्या सर्वांस ती त्या बाळाविषयीं सांगूं लागली. ही हन्ना आशेराच्या वंशांतील, फनुएलाची कन्या, असें संत लूक आपल्या दुसऱ्या अध्यायाच्या छत्तिसाव्या वचनांत सांगतो.

(येथें एक गोष्ट सांगून ठेवितों. धन्य कुमारी मरियेची आई जी संत आन्ना, जिचा सण आपण २६ जुलैस पाळितों, ती निराळी. नांव दोघींचें एकच; आपल्यांतील पुष्कळ बायकांस तें बाप्तिस्म्यांत मिळालें आहे, आणि आपली आन्ना कोणती असें विचारल्यास त्या गोंधळतात.)

आतां लूकची लेखणी जरा बारकाईनें पाहूं. शिमोनाचें सबंध गीत त्यानें उतरून घेतलें, परंतु शिमोनाचा बाप कोण, वंश कोणता, हें सांगितलें नाहीं. हन्नेच्या तोंडचें एकहि वाक्य त्यानें दिलें नाहीं. परंतु तिच्या संसाराचीं वर्षें, तिचें वय, तिचा वंश आणि तिचा बाप, सर्व कांहीं दिलें. तिच्या नवऱ्याचें नांव मात्र दिलें नाहीं. सात वर्षें ज्याच्याशीं संसार केला त्याचें नांव गळालें, आणि ज्याचें घर तिनें साठसत्तर वर्षांपूर्वीं सोडलें त्या बापाचें नांव राहिलें. आपल्याकडे नेमकें याच्या उलट होतें. मुलगी सासरीं गेली कीं बापाचें नांव उंबरठ्याच्या आंत राहतें, आणि बाहेर पडते ती अमक्याची बायको, पुढें अमक्याची आई.

हें नांव इब्री आहे. "पानीम" म्हणजे मुख, "एल" म्हणजे देव. देवाचें मुख, असा त्याचा अर्थ. संत जेरोम यांनीं बेथलेहेमांत राहून इसवी सन ३९० च्या सुमारास इब्री नांवांच्या अर्थांचा एक कोश लॅटिन भाषेंत तयार केला, त्यांतहि हाच अर्थ आहे. मराठी शास्त्रांत उत्पत्तीच्या पुस्तकांत हें नांव "पनीएल" व "पनुएल" असें येतें, आणि लूकमध्यें ग्रीक वळणानें "फनुएल" होतें. त्यामुळें हें सारें एकच आहे हें वाचकाच्या ध्यानांत येत नाहीं. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकांतील वंशावळींतहि या नांवाचे दोघेजण आहेत. हनोखाच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या पुस्तकांत तर एका देवदूतासच हें नांव आहे. परंतु तें पुस्तक आपल्या शास्त्रांत नाहीं, आणि मिखाएल, गाब्रिएल व राफाएल यांवांचून इतर देवदूतांस नांवें देऊं नयेत असें रोमनें २००१ सालीं पुन्हां बजाविलें आहे. तेव्हां तो विषय तेथेंच सोडूं.

नांवाच्या अर्थावर प्रवचनाचा इमला उभारूं नका, असें सेमिनरींत आमचे शास्त्राध्यापक वारंवार सांगत. नांव सोनुबाई आणि हातीं कथलाचा वाळा, हें काय आपल्यास ठाऊक नाहीं? पुस्तकांच्या दुकानांत बाळांच्या नांवांचीं जीं पुस्तकें मिळतात त्यांतील अर्थ तर पुष्कळदां विकणाराच्या मनांतले असतात. परंतु या नांवाची गोष्ट निराळी. याचा अर्थ शास्त्रानें स्वतःच सांगितला आहे, आणि तो सांगण्यासाठीं एक सबंध रात्र खर्ची घातली आहे.

ती रात्र याकोबाची. भावाचा आशीर्वाद कपटानें घेऊन पळालेला याकोब वीस वर्षांनीं बायकामुलें व गुरेंढोरें घेऊन परत येत होता. एसाव चारशें माणसांसह सामोरा येत आहे अशी बातमी आली, आणि याकोबाच्या पायांखालची जमीन सरकली. त्यानें भावाकडे भेटींमागून भेटी पाठविल्या, रात्रीं सर्वांस यब्बोक नदीपार केलें, आणि आपण एकटा मागें राहिला. पहाटेपर्यंत कोणी एकजण त्याच्याशीं झुंजला. याकोबाच्या जांघेचा सांधा निखळला, पण त्यानें हात सोडला नाहीं. आशीर्वाद मिळेपर्यंत सोडणार नाहीं म्हणाला. त्या रात्रीं त्याला इस्राएल हें नांव मिळालें, आणि त्यानें त्या जागेस पनीएल असें नांव दिलें. कारण देवाला समोरासमोर पाहूनहि त्याचा जीव वांचला होता. मग सूर्य उगवला आणि याकोब लंगडत लंगडत पुढें निघाला.

बहुतेक प्रवचनें येथें थांबतात. पण पुढचा अध्याय उघडावा. एसाव धांवत आला, भावाच्या गळ्यांत पडला, आणि दोघेहि रडले. तेव्हां याकोब त्याला म्हणाला कीं तुझें मुख पाहणें मला देवाचें मुख पाहण्यासारखें झालें आहे. रात्रीं देवाचें मुख, सकाळीं भावाचें, आणि याकोबास दोहोंत फारसा फरक दिसेना. ज्या तोंडास तो वीस वर्षें टाळीत होता, तें हें तोंड! आपल्या आळ्यांत बांधाच्या हातभर जागेपायीं भाऊ भावाचें तोंड पाहत नाहीं अशीं किती घरें आहेत, तें आम्ही येथें मोजणार नाहीं. महोत्सवाच्या मिस्साबलिदानास तीं सर्व नवे कपडे घालून येतील, आणि देवळाच्या दोन बाजूंस बसतील.

"पानीम" हा शब्द इब्रींत नेहमीं अनेकवचनीं चालतो, आणि वळणें अशा अर्थाच्या धातूशीं त्याचें नातें लावितात. मराठी माणसास हें समजण्यास कठीण नाहीं. जो वळतो तो सन्मुख होतो, जो तोंड फिरवितो तो विन्मुख. देवानें आपलें मुख आपल्याकडे वळवावें, एवढेंच मागणें इस्राएली भक्तांनीं पिढ्यान्‌पिढ्या केलें. मंदिरांत सोन्यानें मढविलेल्या मेजावर ज्या बारा भाकरी ठेवीत, त्यांचें इब्री नांव शब्दशः "मुखाची भाकर" असें आहे. आणि तरीहि, माझें मुख पाहून मनुष्य जिवंत राहणार नाहीं, असें देवानें मोशेस सांगितलें होतें. ज्याची सर्वांत अधिक ओढ, त्याचेंच सर्वांत अधिक भय!

फनुएलाच्या कन्येच्या हयातींतच एका मनुष्यानें हें मुख पाहण्याचा निराळाच उद्योग केला. लूकनें दिलेला चौऱ्यायशीचा आंकडा तिच्या वयाचा कीं वैधव्याचा, यावर पंडितांत दोन मतें आहेत. वैधव्याचा धरल्यास ती शंभरीच्या पलीकडे जाते, आणि मग एकशें पांच वर्षें जगलेल्या, पुन्हां लग्न न केलेल्या युदिथेची आठवण होते. आम्ही साधा अर्थ घेतों, कीं ती चौऱ्यायशी वर्षांची होती. म्हणजे तिचा जन्म ख्रिस्तपूर्व ९० च्या आसपासचा. ख्रिस्तपूर्व ६३ मध्यें रोमन सेनापति पोंपे यानें यरुशलेम जिंकलें, त्या वेळीं हन्ना पंचविशीच्या पुढें असावी आणि बहुधा विधवा झालेली असावी. पोंपे सरळ परमपवित्रस्थानांत शिरला. तेथें मुख्य याजकानें वर्षांतून एकाच दिवशीं जावें असा नियम होता. यहुदी लोक कोणत्या देवाचें मुख एवढ्या पडद्याआड लपवितात हें त्यास पाहावयाचें असेल. ताकितुस हा रोमन इतिहासकार लिहितो कीं आंत कोणत्याहि देवाची मूर्ति नव्हती. जागा रिकामी होती. जगाचा अर्धा भाग पायांखालीं घातलेला सेनापति तेथवर गेला आणि त्याला भिंती दिसल्या. पुढें सुमारें सत्तावन्न वर्षांनीं, स्त्रियांना जेथवर जाण्याची मुभा होती त्या अंगणाच्या आसपास कोठें तरी, एका गरीब जोडप्याच्या हातांतील तान्ह्या मुलाकडे एका म्हातारीनें पाहिलें. तिचें डोकें तेव्हां फिरलेलें नव्हतें, आणि तिला काय दिसलें हें तिला पक्कें ठाऊक होतें. "देवाचें मुख" असें नांव असलेल्या बापाची ती मुलगी.

लूकनें तिच्या वंशाचें नांव सांगितलें त्याचेंहि महत्त्व आहे. आशेर हा याकोबाचा मुलगा, लेआच्या दासीपासून झालेला. लेआनें आनंदानें त्याचें नांव "धन्य" अशा अर्थाचें ठेविलें. त्याच्या वंशजांस गालिलाच्या पश्चिमेस, समुद्राकांठची सुपीक जमीन मिळाली. ते चांगले शेतकरी, तेलातुपाचे धनी. पण लढाईची हांक आली असतां समुद्रकांठीं बसून राहिले म्हणून दबोरेच्या गीतांत त्यांस बोल लागला आहे. ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरी राजानें उत्तरेचें राज्य बुडविलें, लोकांस धरून नेलें, आणि उत्तरेकडील वंश इतिहासांत विरून गेले असें आपण शिकतों. मात्र एक लहानशी नोंद आहे. हिज्कीया राजानें वल्हांडणासाठीं उत्तरेकडे आमंत्रणें पाठविलीं, तेव्हां तेथील लोकांनीं जासुदांची थट्टा केली. तरी आशेर, मनश्शे व जबुलून या वंशांतील कांहींजण नम्र होऊन यरुशलेमास आले. त्या कांहींजणांनंतर सात शतकांनीं फनुएलाची मुलगी मंदिरांत उभी आहे, आणि आपण आशेराच्या आहों हें तिला ठाऊक आहे. हें कोणत्या राजानें तिला शिकविलें नाहीं. कोणत्या तरी घरांत, जेवतांना, निजतांना, आजानें नातवास सांगितलें असेल, आणि अखेर फनुएलानें आपल्या मुलीस सांगितलें असेल. तिचें हन्ना हें नांव, म्हणजे कृपा, त्यानेंच ठेविलें असणार. हन्ना, फनुएल, आशेर : कृपा, देवाचें मुख, धन्यता. त्या एका ओळींत एवढें सारें आहे, आणि आम्हीं वर्षानुवर्षें ती ओळ वाचतांना पुढच्या शब्दाकडे धांव घेतली.

आपल्याकडे म्हातारा मनुष्य म्हणतो, नातवाचें तोंड पाहिलें कीं डोळे मिटण्यास मोकळा झालों. फनुएलाची मुलगी सात वर्षांत विधवा झाली. तिच्या लेंकरांचा उल्लेख लूक करीत नाहीं. लोकांच्या दृष्टीनें त्या बापाचें घर त्या मुलीपाशीं संपलें. नातवाचें तोंड नाहीं, आणि मुलीचें तोंड पाहावें तर दुःखच. पण ज्या मुखाच्या नांवानें त्याला जन्मभर हांक मारली गेली, तें मुख त्याच्या मुलीनें म्हातारपणीं डोळ्यांनीं पाहिलें. त्याला तें कळलें तें या जगांत नव्हे.

आतां आमची चूक. २ फेब्रुवारीस आपण प्रभूच्या समर्पणाचा सण पाळितों. मेणबत्त्यांचा आशीर्वाद होतो, मिरवणूक निघते, आणि लूकमधील हाच पाठ वाचतात. या पाठाचीं दोन रूपें पाठसंग्रहांत छापलेलीं आहेत. मोठें रूप चाळिसाव्या वचनापर्यंत जातें. लहान रूप बत्तिसाव्या वचनास, शिमोनाच्या गीतापाशीं, थांबतें. लहान रूप घेतलें कीं हन्ना गळते, आणि तिच्याबरोबर फनुएलहि. याला परवानगी आहे, हें खरें. दिवस कामाचा असतो, लोकांस सकाळची गाडी गांठावयाची असते, मिरवणुकींत वेळ गेलेला असतो. आम्हीं बरींच वर्षें लहान रूपच वाचलें, आणि आपण लोकांच्या सोयीचें करितों असें मनास सांगितलें. ३० डिसेंबरच्या मिस्सेस हन्नेचा पाठ स्वतंत्रपणें येतो, पण नाताळच्या गर्दीनंतर त्या पहाटे देवळांत कितीजण असतात तें तुम्हीच सांगा.

एका वर्षी सण आटोपल्यावर आम्ही वस्त्रें उतरवीत होतों. दारांत आपल्या धर्मग्रामांतील एक वृद्ध बाई उभी होती. ती रोज पहाटे येऊन देऊळ झाडी, फुलें बदली, आणि मग शेवटच्या बाकावर बसे. ती म्हणाली, "फादर, आज त्या म्हातारीला देवळाबाहेरच ठेवलंत वाटतं?" आम्हीं वेळेची सबब सांगितली. ती कांहीं बोलली नाहीं. केरसुणी कोपऱ्यांत उभी केली आणि गेली.

पुढें तीन वर्षांनीं, भर पावसांत, ती वारली. दफनाच्या आदल्या संध्याकाळीं तिचे मुलगे कचेरींत आले. जन्म, विवाह व मरण यांचीं पुस्तकें ठेवण्याची ख्रिस्तसभेची शिस्त फार जुनी आहे. ट्रेंटच्या परिषदेनें १५६३ सालीं विवाहाच्या पुस्तकाचा नियम केला, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें मृतांच्या नोंदीचाहि. तेव्हां आम्हीं पुस्तक उघडलें व विचारूं लागलों. नवऱ्याचें नांव? तें त्यांनीं सांगितलें. बापाचें नांव? मुलगे एकमेकांकडे पाहूं लागले. थोरला म्हणाला, "मामांच्या घरीं विचारायला हवं." पण मामाचें घर कधींच बंद झालें होतें, आणि मामेभाऊ मुंबईस जाऊन कोठें राहिले हें कोणास नक्की सांगतां येईना. आम्हीं त्यांस दोष दिला नाहीं. बावीस वर्षें आम्ही तिला रोज पाहत होतों, आणि आम्हांसहि तें नांव ठाऊक नव्हतें. आम्हीं कधीं विचारलेंच नव्हतें.

विवाहाच्या पुस्तकाचें तें पान वाळवीनें खाल्लें होतें. मग बाप्तिस्म्याच्या जुन्या पुस्तकांत दोन संध्याकाळ शोध केला. धर्मग्राम स्थापन झाल्यानंतरच्या चौदाव्या वर्षीं तिचा बाप्तिस्मा झालेला. शाई उडालेली, पण अक्षर वाचतां येत होतें. बापाचें नांव, आईचें नांव, दोघे साक्षी. तें नांव वाचल्यावर तें कोठें तरी पाहिलें आहे असें आम्हांस वाटूं लागलें. तिसऱ्या दिवशीं आठवलें, आणि या देवळाच्या बांधकामाच्या हिशेबाची वही काढली. त्यांत तोच मनुष्य आहे. आपल्या बैलगाडीनें खाणींतून दगड आणले. अर्ध्या दिवसांची मजुरी घेतली, अर्ध्यांची घेतली नाहीं. सहीच्या जागीं अंगठा आहे.

म्हणजे जे दगड बापानें आणले, त्यांवरचा केर मुलीनें जन्मभर काढला, आणि ही गोष्ट तिला ठाऊक असावी असें आम्हांस वाटतें. तिनें ती आम्हांस सांगितली नाहीं. आम्हीं रिकामा रकाना भरला, आणि मुलांस बोलावून तीं दोन्ही पुस्तकें दाखविलीं. थोरल्यानें त्या अंगठ्यावर आपलें बोट ठेविलें आणि बराच वेळ काढलें नाहीं. त्या वर्षापासून २ फेब्रुवारीस आम्ही मोठें रूप वाचतों. चार मिनिटें अधिक लागत असतील. गाडी अजून कोणाची चुकली नाहीं.

महोत्सवाच्या स्मरणिकेंत देणगीदारांची यादी छापली जाणार आहे, आणि ती छापली जावी. परंतु समितीनें आमच्या विनंतीवरून शेवटचीं आठ पानें मोकळीं ठेविलीं आहेत. प्रत्येक घरानें आपल्या आईच्या व आजीच्या बापाचें नांव त्यासाठीं द्यावें. ठाऊक नसल्यास घरांतील वृद्धांस आजच विचारावें, उद्यांवर टाकूं नये. आणि त्यांसहि आठवत नसेल तर कचेरींत यावें, बाप्तिस्म्याचीं पुस्तकें रोज संध्याकाळीं पांच ते सात उघडीं असतील. कागदावर लिहून आणलें तर बरें. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांनीं तोंडानें सांगावें, आम्ही लिहून घेऊं.